पावसाच्या मुलखात जॅझ आणि रॉकच्या रेकॉर्डी: निवडायच्या कशा, वाजवायच्या कशा, टिकवायच्या कशा

माझे काका मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला परत आले तेव्हा सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. ती थेट माळ्यावर गेली आणि अकरा पावसाळे तिथेच राहिली. मी ती खाली उतरवली, झाकण उघडलं, आणि कुबट वासानं खोली भरली. आत चाळीस एलपी, म्हणजे लाँग प्ले जातीच्या मोठ्या रेकॉर्डी, होत्या. जहाजांवरच्या खलाशांकडून काकांनी एकेक करून घेतलेल्या, निम्म्या जॅझच्या, निम्म्या रॉकच्या. तबकड्या धुतल्यावर बहुतेक वाजल्या. कव्हरं मात्र हातातून गेली होती. पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटले होते, मागच्या बाजूचा कागद कसरीनं खाल्ला होता. ट्रंपेट कोण वाजवतंय, ड्रमवर कोण बसलंय, हे सांगणारा मजकूरच उरला नव्हता.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय: कोकणात रेकॉर्डी जमवायच्या तर आधी कव्हर वाचवायचं. तबकडी ओलीला बऱ्यापैकी पुरून उरते, पुठ्ठा उरत नाही. आणि जॅझ-रॉकमध्ये पुढं काय ऐकायचं ते कव्हराच्या मागच्या बाजूवरच छापलेलं असतं. पुढं जे लिहिलंय ते गेल्या काही वर्षांत समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहून, चुका करून शिकलोय.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

जुन्या घरात रेकॉर्डी सापडल्या की आधी वजन आणि आकार बघा. दहा इंची, जड, टिचकी मारली तर कौलासारखी वाजणारी तबकडी ही ७८ फेऱ्यांची. ती लाखेची असते आणि पडली की फुटते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, एवढीच तिची ऐपत. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं विनाइलची १२ इंची एलपी आणली, मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड काढली. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ पासून. म्हणजे १९५५ ची जॅझची मूळ एलपी मोनो, एकाच वाटेनं आवाज देणारी, असणार. तिच्यावर ‘स्टिरिओ’ छापलेलं दिसलं तर ती नंतर काढलेली आहे हे लगेच समजावं.

हे ओळखणं दोन कारणांसाठी गरजेचं. एक म्हणजे सुई. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं, ७८ च्या सुईचं ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या रुंद चरात (सुई जिच्यातून धावते त्या खाचेत) तळाला जाऊन घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. दुसरं म्हणजे धुणं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे माहीत नव्हतं. ट्रंकेत एलपींच्या खाली पडलेली आजोबांच्या वेळची एक ७८ मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. बोळा तपकिरी झाला आणि तबकडीवर जिथं हात फिरला तिथला चरच निघून गेला. ती रेकॉर्ड पुन्हा कधीच वाजली नाही.

पायरी २: यंत्र घ्या, पण आधी त्याची मोटर विचारा

रेकॉर्ड वाजवायचं नवं यंत्र घेणार असाल तर एवढं बघा: सुई बदलता यावी, आणि शक्यतो सुईचा भार कमीजास्त करता यावा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्ससारख्या यंत्रात भार कारखान्यातच ठरलेला असतो. आणा, जोडा, वाजवा. सुरुवातीला तेही पुरतं. त्याच कंपनीच्या एलपी-१२०एक्ससारख्या यंत्रात सगळं स्वतः लावता येतं, म्हणून शिकायला ते चांगलं. सुटकेसच्या आकाराची, पोटातच स्पीकर असलेली यंत्रं दिसायला गोड असतात, पण घेऊ नका. त्यांची सुई जड बसते आणि स्पीकरची थरथर परत सुईत शिरते.

जुनं यंत्र घेताना आपल्या भागात एक फसगत ठरलेली. अमेरिकेतून कुणाच्या तरी सामानात आलेलं यंत्र स्वस्तात मिळतं. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरनं उतरवता येतं, हर्ट्झ त्यानं बदलत नाहीत. यंत्राची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी असेल तर ३३ १/३ ऐवजी सुमारे पावणेअठ्ठावीस फेरे होतात आणि गायक झोपेतून उठल्यासारखा गातो. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही. १९७२ साली आलेलं टेक्निक्सचं एसएल-१२०० आणि त्या जातीची थेट मोटरवर फिरणारी यंत्रं अजून जगभर चालतात ती काही उगाच नाही.

दुकानात वेग तपासायची साधी रीत: तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी ठेवा की तिचं टोक बाहेर येईल. घड्याळ लावून तीन मिनिटं मोजा. शंभर फेरे झाले पाहिजेत.

यानंतरची कडी म्हणजे फोनो प्रीअँप. सुईकडून येणारा आवाज मिलिव्होल्टमध्ये मोजावा इतका बारीक असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना, म्हणजे आवाज चरात कोरताना, खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त केलेले असतात. प्रीअँप हा हिशेब उलटा करून मूळ आवाज परत आणतो. १९५४ पासून याला आरआयएए नावाचं एकच माप आहे. यंत्र थेट अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसलं आणि आवाज चिरका, पोकळ आला, तर यंत्र बिघडलेलं नाही, प्रीअँप राहिलाय. बऱ्याच नव्या यंत्रांत तो आतच असतो. मागं बटण आहे का बघा.

पायरी ३: मांडणी

ही पायरी लोक उरकून टाकतात आणि मग रेकॉर्डला दोष देतात. एक सकाळ मोकळी ठेवा.

जागा आधी. जुन्या घरांच्या माळ्यावरची फळ्यांची जमीन चालताना हलते आणि सुई उडी मारते. सगळ्यात चांगलं म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका. खिडकीपासून लांब, कारण पावसाचे तुषार आणि मार्च-एप्रिलचं ऊन दोन्ही वाईट. मग पाणसळ ठेवून यंत्र सरळ करा. गवंड्याची मोठी पाणसळ नको, हार्डवेअरच्या दुकानात बोटभर लांबीची मिळते ती पुरे. तबकडी जिच्यावर फिरते ती ताटली दोन्ही दिशांनी समतल हवी.

आता भार. आधी अँटी-स्केटिंग (सुईची आतल्या बाजूला होणारी ओढ आवरणारी सोय) शून्यावर आणा. सुईचं झाकण काढा, टोनआर्म, म्हणजे सुईची दांडी, मोकळा करा आणि मागचं वजन फिरवत फिरवत अशा जागी आणा की दांडी तराजूच्या दांडीसारखी हवेत आडवी तरंगेल, वरही जाणार नाही आणि खालीही नाही. दांडी टेकूवर परत ठेवा. वजनावरचा आकड्यांचा कडाच तेवढा फिरवून शून्यावर आणा, वजन हलू देऊ नका. मग वजन आणि कडा मिळून फिरवा, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर सांगितलेल्या आकड्यापर्यंत. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ईला २ ग्रॅम लागतात, ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८. अँटी-स्केटिंगही त्याच आकड्यावर ठेवा. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांना मिळतो, त्यावर सुई टेकवून एकदा खात्री करून घ्या; जुन्या यंत्रांच्या कड्यावरचे आकडे खोटं बोलतात.

भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, असा एक समज आहे. खरं तर कमी भारानं सुई चरात नीट बसत नाही, भिंतींवर आपटते, आणि ते आपटणंच चर खातं. सांगितलेल्या पट्ट्यात राहा, हवं तर वरच्या बाजूला.

शेवटी अर्थिंग. यंत्राच्या मागून निघणारी बारीक वायर अँप्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला जोडा, नाही तर सतत भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. आमच्याकडे वीज खाली-वर होते आणि मे महिन्याच्या अखेरीस, परत ऑक्टोबरात, गडगडाटात दिवे जातात. स्टॅबिलायझर लावा आणि वीज कडाडायला लागली की प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पायरी ४: शोध आणि पारख

मुंबईला गेलात तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट चुकवू नका. तिथं ढिगात बसून शोधावं लागतं, घाई केली की हात रिकामे राहतात. नव्या आयात एलपी मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, पण किमती चढ्या: दोन-अडीच हजारांच्या खाली फार थोड्या.

आपल्या किनाऱ्यावर खरी खाण आहे ती गोव्यात. चर्चच्या पाठशाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि पुढं सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. सी. रामचंद्रांच्या १९५० च्या आसपासच्या गाण्यांत ट्रंपेट घुमतो तो चिक चॉकलेट यांचा, म्हणजे आन्तोनियो झेवियर वाझ यांचा. स्विंग, म्हणजे जॅझचा नाचरा ठेका, मराठी कानाला परका नाही तो याच लोकांमुळे. त्यांच्या पिढीची घरं आता रिकामी होताहेत आणि कपाटांतल्या रेकॉर्डी बाहेर येताहेत. आम्हाला वेंगुर्ल्याहून म्हापसा काही लांब नाही. शुक्रवारच्या बाजाराला जायचं, जुन्या सामानाच्या माणसांशी ओळख ठेवायची, फोन नंबर देऊन यायचा.

असाच निरोप आला म्हणून मी एकदा गोव्यातल्या बार्देशात एका म्हाताऱ्या वादकाच्या घरी गेलो. त्यांनी एलपी काढली ती रीत मी अजून विसरलो नाही. कव्हर किंचित फुगवून धरलं, आतली पिशवी तळहाताकडे घसरू दिली, मग तबकडीची कड अंगठ्याच्या मुळाशी आणि मधलं लेबल चार बोटांच्या टोकांवर. चराला कातडी कुठंच लागली नाही. मी हात पुढं केला तसे म्हणाले, “बोटां लाय नाका.” मग तबकडी खिडकीकडे नेऊन तिरकी धरली आणि हळूहळू फिरवली, जशी बायका उजेडात साडीचा पोत बघतात.

पारख करायची ती अशीच. ट्यूबलाइटखाली सपाट धरून काही दिसत नाही; एकाच बाजूनं येणारा प्रखर उजेड हवा. केसासारख्या बारीक रेषा असल्या तर घाबरू नका, त्या फारशा ऐकू येत नाहीत. रेषेवरून नख अलगद आडवं न्या. नख अडलं तर तिथं टक-टक होणार. चर काळे चकचकीत न दिसता राखाडी, धुरकट दिसत असतील तर जड सुईनं खाल्लेत, धुऊन उपयोग नाही. भोकाभोवती लेबलवर सुरकुत्यांसारख्या रेघा पडल्या असतील तर रेकॉर्ड खूप वेळा लावलेली आहे. मग डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि वाकलीय का बघा.

यात जॅझ आणि रॉकचा भेद करा. जॅझमध्ये डबल बासचा एकट्याचा तुकडा येतो, ब्रशनं वाजवलेला ड्रम येतो, आणि त्या शांततेत प्रत्येक ठिपका ऐकू येतो. म्हणून जॅझची रेकॉर्ड थोडी महाग पडली तरी चांगल्या अवस्थेतलीच घ्या. रॉकमध्ये गिटारींच्या आवाजाखाली बरंच झाकलं जातं. थोडी घासलेली चालते. रॉकची रेकॉर्ड ऐकून घेणार असाल तर बाजूचं शेवटचं गाणं लावा. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर चर सरकतो, आतल्या टोकाला फक्त २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून चर झिजले की पहिली फाटतात ती शेवटची गाणी.

ऑनलाइन विक्रीत ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) अशी उतरती भाजणी असते. नवख्या माणसानं व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नये. ‘गुड’ लिहिलेली रेकॉर्ड चांगली नसते, हे आधीच सांगून ठेवतो. मागवताना विक्रेत्याला सांगा की तबकडी कव्हराबाहेर काढून दोन पुठ्ठ्यांत वेगळी बांध, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी ती कव्हराची वरची शिवण फाडून बाहेर येते. जून ते सप्टेंबर काहीच मागवू नका.

भारतीय छापाच्या रेकॉर्डींबद्दल दोन शब्द. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एचएमव्हीनं बीटल्स, पिंक फ्लॉइड वगैरे भरपूर छापले. त्यात काही खरखरीत निघतात, काही अप्रतिम. मला त्या आवडतात. स्वस्त असतात, आणि आपल्याच लोकांनी ऐकलेल्या असतात. त्याही पहिल्यांदा तिरक्या उजेडात बघूनच घ्या.

पायरी ५: मागची बाजू वाचा आणि माणसामागून माणूस गाठा

काय घ्यावं, असं नवे लोक विचारतात. यादी देण्यापेक्षा मी एक धागा देतो.

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. नवी आवृत्ती सहज मिळते. मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेली पाच गाणी. मागच्या बाजूला नावं आहेत: जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अॅडर्ली, बिल एव्हान्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब, आणि एका गाण्यापुरते विंटन केली. यातलं जे वाद्य कानात राहिलं त्या माणसाची पुढची रेकॉर्ड शोधा. कोल्ट्रेन यांचा सॅक्सोफोन राहिला तर १९५७ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘ब्लू ट्रेन’. तिथंही बासवर पॉल चेंबर्सच भेटतात. (या ‘काइंड ऑफ ब्लू’ची एक गंमत: मार्चच्या मुद्रणात टेपचं यंत्र किंचित हळू फिरलं, त्यामुळे जुन्या छापांत पहिल्या बाजूचा सूर थोडा चढा आहे. पेटी घेऊन साथीला बसलात तर लगेच कळतं. १९९० च्या दशकानंतरच्या आवृत्त्यांत तो बराच ठिकाणी दुरुस्त केलाय.)

आता माइल्सना धरून पुढं या. १९७० च्या ‘बिचेस ब्रू’मध्ये विजेची वाद्यं पुढं आली आणि जॅझ रॉकला येऊन भिडला. त्यात गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर. मॅक्लॉफ्लिन यांच्या मागं गेलात तर त्यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडची १९७१ ची आणि ‘शक्ती’ या बँडची १९७६ ची पहिली एलपी लागते, आणि तिथं तबल्यावर थेट आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. शॉर्टर यांच्या मागं गेलात तर रॉकच्या अंगणात, स्टीली डॅन या बँडच्या १९७७ च्या ‘एजा’मध्ये, शीर्षकगीतातला सॅक्सोफोन त्यांचा आहे. सहा रेकॉर्डींत दोन मुलूख फिरून झाले, आणि सगळा रस्ता मागच्या बाजूवर छापलेला होता.

रॉककडून यायचं असेल तर ऑलमन ब्रदर्स या बँडची १९७१ ची फिलमोर ईस्ट सभागृहातली थेट मैफल घ्या. वीस-वीस मिनिटं गिटारी एकमेकींना उत्तरं देतात, सवाल-जबाबासारखी. सांतानाची १९७० ची ‘अब्रॅक्सस’ ज्यांना ढोल-ताशाचा नाद आहे त्यांच्यासाठी. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन आणि ख्रिस पेरी-लोर्ना यांच्या कोंकणी रेकॉर्डी दिसल्या तर किमतीची घासाघीस फार करू नका, परत दिसत नाहीत.

मागच्या बाजूशिवाय आणखी एक वाचायची जागा आहे: लेबल आणि शेवटचा चर यांच्यामधली कोरी पट्टी. तिथं खरडलेले आकडे-अक्षरं भिंगातून वाचा. ब्लू नोट या जॅझच्या कंपनीच्या रेकॉर्डींवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असेल तर ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली. १९६९ च्या ‘लेड झेपलिन टू’वर ‘आरएल’ म्हणजे ती कापणारे रॉबर्ट लडविग. ती इतकी जोरकस कापली होती की स्वस्त यंत्रांवर सुई उडू लागली आणि कंपनीनं ती मागं घेऊन सौम्य आवृत्ती काढली. ती अक्षरं दिसली तर जपून ठेवा.

पायरी ६: धुणं

आठवड्याची धूळ कार्बन ब्रशनं, तबकडी फिरत असताना, दोन फेऱ्यांत निघते. जुनी रेकॉर्ड मात्र धुवायलाच लागते. चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरला दोन-तीन थेंब बिनवासाचं सौम्य भांड्यांचं लिक्विड. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार चरात बसतात. लेबलवर वाटी उपडी धरा. मऊ ब्रशनं चराच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा विसळा. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना यातलं अल्कोहोल पूर्ण वगळायचं.

वाळवायला मी जुनं ताटाळं वापरतो, आडव्या सळ्यांना सुती पट्ट्या गुंडाळून. तबकड्या उभ्या राहतात आणि दोन्ही बाजूंनी हवा लागते. काकी पहिल्यांदा बघून म्हणाली, “ह्या काय धुतंस रे?” आता तिनंच ते ताटाळं माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय. उन्हात ठेवायचं नाही. ६० अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत तेवढा ताप सहज होतो. बाजारातून येताना रेकॉर्डी गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

बुरशी चरात पांढऱ्या चांदण्यांसारखी दिसते. अशी रेकॉर्ड बाकीच्यांपासून लांब ठेवा, तोंडाला फडकं बांधून धुवा आणि जुनी आतली पिशवी फेकून द्या. तीच पिशवी परत वापरली की महिन्यात चांदण्या परत येतात.

पायरी ७: आगोट ते दिवाळी

आपल्याकडे पावसाच्या तोंडावर, आगोटीला, मिरच्या, पापड, सुकी मासळी भरून ठेवतात. त्याच आठवड्यात रेकॉर्डींची आगोट करा, रोहिण्या संपायच्या आत. हवा कोरडी आहे तोवर सगळी कव्हरं एकदा बाहेर काढून, पंख्याखाली तासभर उभी ठेवून, मग बंद करायची. सादळलेलं कव्हर पिशवीत घातलं तर ओलच आत कोंडता.

आतली पिशवी साध्या कागदाची असेल तर काढून पॉलिथिनचं अस्तर असलेली घाला. बाहेरून कव्हराला पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, तोंड उघडं ठेवून. जुनी जाड, मऊ, वासाची पीव्हीसीची पिशवी आढळली तर ताबडतोब काढा. ती घाम सोडते आणि तबकडीवर धुक्यासारखा पट्टा उठतो, तो कशानंच निघत नाही. मी एका पावसाळ्यात सात रेकॉर्डी अशा घालवल्या. पिशव्या महाग म्हणून चांगल्या असतील, असं वाटलं होतं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि मागच्या फळीला ओल देते. तळाचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर, वाळवीसाठी पायांकडे दर पंधरा दिवसांनी बॅटरी मारून बघायचं. रेकॉर्डी उभ्याच ठेवा, सरळ, फार घट्ट नाही आणि कलंडतील इतक्या सैलही नाही. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं, तेव्हा फळी पाऊण इंची प्लायची हवी आणि प्लायही दमट हवेत टिकणारी.

ओल मोजा. छोटा हायग्रोमीटर कपाटात ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त राहा. ७० च्या वर आठवडाभर राहिली तर बुरशी येणारच. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या प्रत्येक कप्प्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळे करता येतात. जुलै-ऑगस्टात हे दर चार-पाच दिवसांनी करावं लागतं. संग्रह दोनशेच्या पुढं गेला तर खोलीसाठी डिह्युमिडिफायर घ्या; माझ्या खोलीत श्रावणात त्याची टाकी रोज भरते. कपड्यांच्या कपाटात बारीक बल्ब लावून ठेवायची आपली पद्धत इथं चालणार नाही, बल्बच्या शेजारची रेकॉर्ड पापडासारखी वळते. डांबराच्या गोळ्याही नकोत, तो वास पुठ्ठ्यात कायमचा बसतो.

आणि पावसाळाभर रेकॉर्डी वाजवत राहा. जी रेकॉर्ड आठवड्याला बाहेर येते तिला बुरशी लागत नाही, लागली तर लगेच दिसते. माझा नेम असा: रोज एक कप्पा, डावीकडून दोन रेकॉर्डी. गणपतीत चाकरमानी भाऊ येतात तोवर सगळं कपाट एकदा हातातून गेलेलं असतं. दिवाळीनंतर, हवा कोरडी पडली की, पुन्हा एकदा सगळं बाहेर काढून कव्हरांच्या कडा बघायच्या. शिवण सुटली असेल तर आतून आम्लरहित कागदाची पट्टी खळीनं लावा. सेलोटेप लावू नका, दोन वर्षांत पिवळी पडून चिकट डाग सोडते.

पायरी ८: ऐकणं

एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जॅझ ऐकताना सुरुवातीची चाल ध्यानात धरा, मुखड्यासारखी; मग प्रत्येक वादक तिच्याच आवर्तनावर आपली बढत करतो आणि शेवटी सगळे मिळून चालीवर परत येतात. समेवर येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त बास ऐका.

सुईला एक हजार तासांच्या आत बदला, पाचशेनंतर लक्ष ठेवा. त्यासाठी यंत्राशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक बाजूला एक रेघ मारा. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी काकांच्या रेकॉर्डींचं काम करतो. लेबलवरचा क्रमांक आणि कोऱ्या पट्टीवरची अक्षरं भिंगातून वाचायची, ऑनलाइन सूचीत ती आवृत्ती शोधायची, आणि मागच्या बाजूला जी नावं होती ती पुठ्ठ्याच्या कार्डावर हातानं लिहून नव्या पिशवीत तबकडीमागं सरकवायची. चाळीसपैकी एकतीस कार्डं झाली आहेत. उरलेल्या नऊ रेकॉर्डींची लेबलंही कसरीनं खाल्ली आहेत. त्यातल्या दोनांवरचे आकडे गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या तिरक्या उन्हात वाचता आले.